निळ्या उजेडातली मिश्री

सासूबाईंची मिश्री सोडवायचा विडा मी उचलला होता. मी शाळेत शिक्षिका, तंबाखूमुक्तीची फेरी काढणारी. आणि घरात रोज सकाळी तव्यावर भाजलेल्या तंबाखूची काळी पूड हिरड्यांवर चोळली जाते, हे कसं चालायचं? अडचण एकच होती. दोन वर्षांपूर्वी माझी दाढ ठणकली तेव्हा त्यांच्याच डबीतली चिमूट मी गुपचूप लावली, आणि ती चिमूट अजून सुटली नव्हती. घरात कोणाला याचा पत्ता नव्हता, आणि मला तो लागू द्यायचा नव्हता.

नगरला एका दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे नवा कॅमेरा आल्याचं कळलं. पेनाएवढा. सुई नाही, एक्स-रे नाही. तोंडात नुसता निळा उजेड पाडला की दात-हिरड्यांचं दुखणं समोरच्या टीव्हीवर दिसतं. म्हटलं, सासूबाईंना स्वतःचं तोंड एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघू दे. पारनेरहून एसटीनं घेऊन गेले.

खुर्चीत बसून त्यांनी आ केला, तर टीव्हीवर सगळं काळंच.

"फोटू काढायचा म्हनून आज दोनदा मिश्री लावून आले," त्या म्हणाल्या.

डॉक्टरीणबाईंनी चुळा भरायला लावल्या, कापसानं पुसलं. उजवीकडची हिरडी दात सोडून मागे सरकलेली, आणि तिथेच एक पांढरट चट्टा. मी बाजूला उभी राहून यथेच्छ प्रवचन झोडलं. ते संपताच सासूबाई डॉक्टरीणबाईंकडे वळल्या.

"आता हिचंबी बघा. हिची दाढ लई दिस दुखती."

"एसटी चुकेल," असं म्हणून पाहिलं, पण खुर्चीत बसावंच लागलं. टीव्हीवर तीच उजवी बाजू, तसाच चट्टा, जरा लहान.

"तुम्हीही मिश्री लावता?" डॉक्टरीणबाईंनी सरळ विचारलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"तरीच," सासूबाई म्हणाल्या, "म्हैनाभर पुरनारी डबी पंधरा दिसांत संपायची. मला वाटलं, म्हातारपनी माझाच हात सैल झाला."

दोघींनीही सोडायची आणि तीन महिन्यांनी पुन्हा दाखवायला यायचं, असं ठरलं. तेव्हापासून मी शाळेला निघाले की त्या मोबाईलची बॅटरी लावून दारात उभ्या असतात. "आ कर." मी करते. मग बॅटरी माझ्या हातात घेऊन म्हणते, "आत्या, आता तुम्ही." नेमकी तेव्हाच त्यांना गोठ्यातली गाय हंबरलेली ऐकू येते.

गाय विकून चार वर्षं झाली.