काटा बसण्याआधी

कळंबोलीच्या लोखंड बाजारात एका वजनकाट्यावर आमचे मामा कामाला होते. ट्रक काट्यावर चढला की थोडा वेळ डोलतो, पडद्यावरचे आकडे खालीवर पळतात. ते स्थिरावले की वजनाची चिठ्ठी निघते. स्थिरावण्याला तिथे 'काटा बसणे' म्हणतात. काट्याचं सॉफ्टवेअर माझ्या भावाने नवीन पनवेलच्या घरी बसून लिहिलं होतं.

ट्रकांची रांग हलत नाही, अशी मालकाची तक्रार आली. लिहिलेला प्रोग्राम यंत्राला कळेल अशा रूपात आणतो तो कंपायलर. भावाने तो सर्वांत वेगवान सेटिंगवर चालवला आणि नवा प्रोग्राम काट्यावर बसवला. तेव्हापासून वजनं चुकू लागली. एकच ट्रेलर दोनदा चढवला तर दोन आकडे. मालकाने ठरवलं, मामा ड्रायव्हरांना सामील आहेत. संध्याकाळपर्यंत यंत्राची चूक दाखवा, नाहीतर काट्याच्या केबिनची चावी द्या.

भाऊ केबिनमध्ये लॅपटॉप उघडून बसला. चूक शोधायला त्याने मध्ये आकडे छापणारी एक ओळ घातली. चूक नाहीशी झाली. ओळ काढली, चूक परत आली. त्याने हे पुन्हा पुन्हा केलं.

"तुजा तरी माज्यावर इस्वास हाय ना रं?" मामांनी विचारलं.

"तुमच्यावर आहे, मामा. माझ्यावरच राहिला नाही."

खिडकीबाहेरून एक ड्रायव्हर ओरडला, "काय मामा, गाडी डोलतेय तोवरच चिठ्ठी? जावयाकडे जेवण हाय काय?"

भावाने मान वर केली. काटा बसेपर्यंत वेळ जावा म्हणून त्याने प्रोग्रामला नुसतं मोजत राहायला सांगितलं होतं. त्या मोजणीचा पुढे काहीच उपयोग नव्हता, म्हणून वेग वाढवताना कंपायलरने ती फालतू समजून वगळली होती. छापणारी ओळ तेवढा वेळ खात होती, म्हणून ती असताना वजन बरोबर येत होतं.

आकडा खरोखर स्थिरावल्याशिवाय चिठ्ठी निघणार नाही, अशी दुरुस्ती त्याने केली. ट्रेलर परत परत चढवला. वजन तेच.

"आजचं बरोबर," मालक म्हणाला. "मागच्या चिठ्ठ्यांचं काय? गिऱ्हाइकाला सांगू, कॉम्प्युटर थांबायचं विसरला?"

तो माल कधीच निघून गेला होता. मालकाने हात पुढे केला. मामांनी चावी दिली.

बाहेर पुढचा ट्रक काट्यावर चढत होता. मामांनी सवयीने हात वर केला. "थांब," ते म्हणाले, "बसू दे काटा."