सरव्याचे चार अध्याय

पंचावन्न-छप्पन साल असेल. मी सणसरच्या शाळेत नुकतीच शिक्षिका म्हणून लागले होते. बारामतीच्या पाळकसाहेबांनी त्या नव्या वर्षी घरोघरी पवित्र शास्त्राच्या वाचनाचा छापील तक्ता दिला. रोज तीन अध्याय, रविवारी पाच, आणि प्रत्येक अध्यायाला एक चौकट. वाचून झालं की निळ्या पेन्सिलीची खूण. आधी दोनदा ही सवय लावायला गेले होते आणि दोन्ही वेळा ते महिनाभरात बारगळलं होतं. या खेपेला एकही चौकट रिकामी सोडायची नाही, असा हट्ट धरला. त्या हट्टाला मी भक्ती म्हणत होते.

सकाळी चूल पेटवून आई समोर येऊन बसे. तिला अक्षरओळख नव्हती. वडील गेल्यावर लोकांच्या काढून झालेल्या रानात मागं राहिलेली कणसं वेचून, सरवा करून, तिनं मला शिकवलं होतं. पाळकसाहेबांनी प्रवचनात एकदा सरवा वेचणाऱ्या विधवेची गोष्ट ओझरती सांगितली, तेव्हापासून तिला ती पुरती ऐकायची होती.

"शास्त्रात माझ्यावानी बाई हाय म्हणं. तेवढी वाच की."

"तक्त्यात यील तवा वाचीन, आये. मधीच वाचलं तर क्रम मोडतो."

"बरं, बाय."

मग यज्ञांचे नियम, मंडपाची मापं, वंशावळ्या, सगळं ती मुकाट्यानं ऐके. संपल्यावर विचारी, "आली का गं?"

मार्चात शाळेची तपासणी आली. पाच दिवस वाचन राहिलं. शनिवारी दुपारी, ती ज्वारीच्या सरव्याला गेली असताना, मी तुंबलेले पंधरा अध्याय मनातल्या मनात उरकले आणि खुणा केल्या. तिची गोष्ट त्यांतच गेली. काय वाचलं ते संध्याकाळी मलाच आठवेना.

ती ओटीत कणसं घेऊन आली. "आली का गं?"

"झाली ती. आता पुढल्या वर्षी."

पुन्हा वाचायला अर्धा तास लागला नसता. पण मला पुढच्या चौकटी दिसत होत्या. तिनं कणसं सुपात ओतली आणि नंतर कधी विचारलं नाही. पुढलं वर्ष तिच्या वाट्याला फेब्रुवारीपर्यंतच होतं, हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं. पण ही काही सबब नव्हे.

नव्या वर्षाच्या उपासनेला आम्ही बारामतीला गेलो, तेव्हा पाळकसाहेबांनी माझा भरलेला तक्ता भिंतीला लावून माझं कौतुक केलं. आई बायकांना सांगत होती, "माझ्या लेकीनं एक खूण चुकवली न्हाय." मला ते ऐकवत नव्हतं, तरी मी हसत उभी होते.

सगळे पांगल्यावर ती तक्त्यापाशी गेली.

"ह्यात ती कंची?"

मी चार खुणा दाखवल्या. तिनं त्यांवरून बोट फिरवलं.

"एवढीशीच व्हती व्हय," ती म्हणाली.

शास्त्र माझ्या पिशवीतच होतं. एसटीची वेळ झाली होती, म्हणून मी तिला चल म्हटलं.