वर गेलेला माणूस

माझे खालू आयुष्यात कुठल्याही ठिकाणी कधीच पहिल्यांदा गेलेले नाहीत. खालू म्हणजे माझ्या आईच्या धाकट्या बहिणीचा, माझ्या खालाचा, नवरा. त्यांना कुठे जायचं ठरलं की प्रत्यक्ष जाण्याआधी ते मनाने तिथे इतक्या वेळा जाऊन आलेले असतात, की ती जागाच त्यांना ओळखत असेल असं वाटावं. दुबईत करामातल्या माझ्या घरी पहिल्यांदा आले तेव्हा बेल न वाजवता त्यांनी कडीच वाजवली, कारण बेल बिघडल्याचं मी दोन महिन्यांपूर्वी खालाला फोनवर सांगितलं होतं. माझ्या लग्नाला रत्नागिरीला आले, तर हॉलच्या मागच्या दाराची किल्ली कुणाकडे असते हे माझ्या सासऱ्यांना ठाऊक नव्हतं आणि फुजैऱ्याहून आलेल्या खालूंना ठाऊक होतं. "निघायची वाट माहीत नसेल तिथे आत पाऊल टाकू नये," असं ते म्हणत. आम्ही हसायचो. हे वाक्य कुठून आलंय ते आम्हाला माहीत नव्हतं.

खालू दुबईपलीकडच्या फुजैऱ्याच्या बंदरात तेलाच्या टाक्यांच्या कंट्रोल रूममध्ये कामाला. समोर सोळा पडदे आणि प्रत्येक पडद्यावर एक कॅमेरा. कोण फाटकातून आत आलं, कोण टाकीच्या जिन्यावर चढलं, कोण उतरलं, हे बघत बसायचं. अशा माणसाने निवृत्तीच्या आदल्या वर्षी जाहीर केलं, की आपण सगळे आल्प्सच्या डोंगरात स्की करायला जायचं. कुठल्याशा शिपिंग एजंटच्या कॅलेंडरवर त्यांनी एक गाव पाहिलं होतं. लाकडी घरं, मधोमध चौक, चौकात घड्याळाचा मनोरा, आणि सगळीकडे बर्फ. या गावात मोटार आणायला बंदी होती. गाडी खाली दरीत ठेवायची, छोट्या रेल्वेने वर जायचं आणि पुढे पायी. सामानसुद्धा घसरगाडीवरून. खालूंना ही बंदी फार भावली. "गाडी नसली की माणूस नीट दिसतो," ते म्हणाले. खाला म्हणाली, "माणूस बघायला एवढ्या लांब कशाला? मी काय दिसत नाही?"

मग तयारी सुरू झाली. देश सोडून चाललेल्या कुणा गोऱ्या कुटुंबाकडून खालूंनी स्कीचे बूट घेतले. "दीडशे दिरहम, म्हणजे साडेतीन हजार रुपये झाले, पण नवे घेतले असते तर घर विकावं लागलं असतं," असं म्हणत ऑगस्टच्या उन्हात ते बूट घालून बिल्डिंगचे तीन मजले चढू-उतरू लागले. खाडखाड आवाज ऐकून पठाण वॉचमन रोज बाहेर यायचा आणि "बाबाजी, घुटना ठीक है?" असं काळजीने विचारायचा. दुबईच्या मॉलमधल्या बंदिस्त बर्फात ते आम्हाला सरावाला घेऊन गेले. तिथे ते उतारावरून बसूनच खाली आले, तेही शिकवणाऱ्या मुलीचा हात धरून, आणि उठल्यावर तक्रार त्यांचीच. "बर्फ आहे, पण हवा नाही." अबायावर भाड्याचं जाकीट चढवलेली खाला म्हणाली, "याहून जास्त बर्फ माझ्या फ्रीजरमध्ये आहे. खलास, झाला तुमचा आल्प्स." तरीही तिने तिची अट घातलीच. भाकरीसाठी तांदळाचं पीठ आणि सुके सोडे बरोबर घ्यायचे. सोड्यांचा वास हॉटेलभर जाऊ नये म्हणून कुठल्या खोलीची खिडकी दरीकडे उघडते, हे खालूंनी पत्र पाठवून विचारलं होतं.

गावाचा नकाशा त्यांनी हाताने काढून जेवणाच्या टेबलामागे चिकटवला. स्टेशन ते हॉटेल पाचशे वीस पावलं. चौकातून चार गल्ल्या फुटतात. तीन पुढे एकमेकींना मिळतात. चौथी घड्याळाच्या मनोऱ्यामागून वर चढते, जुन्या चॅपेलपाशी, म्हणजे छोट्याशा चर्चपाशी, जाते आणि तिथेच संपते. पलीकडे कडा.

यातलं बरंचसं त्यांनी छापील नकाशांवरून काढलं होतं, बाकीचं कळलं ते कॅमेऱ्यामुळे. गावच्या पर्यटन कचेरीने चौकात एक कॅमेरा लावला होता. बर्फ किती पडलाय ते येणाऱ्यांना घरबसल्या दिसावं म्हणून. जगात कुणीही, कधीही बघावा. खालू आधी बर्फच बघत होते. पण सोळा पडद्यांसमोर आयुष्य गेलेला माणूस किती दिवस बर्फ बघणार? ते माणसं बघू लागले. पावाची घसरगाडी ओढणारा जाडा माणूस, दोन कुत्री घेऊन येणारी बाई, शाळेची पोरं, सगळ्यांना ते चालीवरून ओळखू लागले. आणि मग त्यांना तो दिसला.

आम्ही एका शनिवारी फुजैऱ्याला गेलो होतो. मी आणि माझी नऊ वर्षांची मुलगी. जेवणं झाली, खालूंनी टीव्हीवर तो कॅमेरा लावला. आपल्याकडे एक म्हणजे तिथे सकाळचे दहा. आवाज नव्हताच. नुसता पांढरा चौक. "आता येईल बघ," खालू म्हणाले. मनोऱ्याच्या घड्याळात दहा वाजले आणि डाव्या बाजूने एक उंच माणूस आला. लांब काळपट कोट, डोक्याला काही नाही. तो चौकाच्या मधोमध येऊन आमच्याकडे पाठ करून उभा राहिला. एखादा माणूस नाव पुकारण्याची वाट बघत उभा राहतो ना, तसा. दोन-तीन मिनिटांनी तो चौथ्या गल्लीत शिरला आणि वर चढत दिसेनासा झाला.

"बरं, मग?" मी विचारलं.

"वर गेला," खालू म्हणाले. "रोज जातो. मी साडेतीन महिने बघतोय. वर जातो, खाली येत नाही."

"दुसऱ्या वाटेने उतरत असेल," खाला आतून ओरडली. हा वाद घरात जुना असावा.

"दुसरी वाट नाही."

"मग तुम्ही जेवायला उठता तेव्हा उतरत असेल."

"मी टेबल इथे का हलवलं मग?" खालू शांतपणे म्हणाले. तेव्हा माझ्या लक्षात आलं की जेवताना त्यांची खुर्ची टीव्हीसमोर होती. सुट्टीच्या दिवशी ते तिथे अंधार पडेपर्यंत बसत. कामाच्या दिवशी दिवसभराचं चित्रण घरच्या कॉम्प्युटरवर साठवून ठेवत आणि घरी आल्यावर पळवत बघत. माझी मुलगी इतका वेळ गालिच्यावर पालथी पडून बघत होती. ती म्हणाली, "मम्मी, नोबडी लुक्ड ॲट हिम." मी तिला उगीच ओरडले. पण तेही खरं होतं. पाववाल्याने घसरगाडी त्याच्या इतकी जवळून नेली होती की कुणीही बाजूला सरकलं असतं. तो सरकला नव्हता आणि पाववाल्यानेही मान वळवली नव्हती.

खालूंनी पर्यटन कचेरीला पत्र लिहिलं. सभ्य उत्तर आलं. आपल्या आस्थेबद्दल आभारी आहोत, परंतु चॅपेलकडची गल्ली हिवाळाभर बंद असते, तिथला बर्फ काढला जात नाही आणि तिकडे कुणी जात नाही. खालूंनी ते उत्तर मला फोनवर दोनदा वाचून दाखवलं आणि म्हणाले, "बंद आहे म्हणतात. मग हा जातो कुठे?"

मी खालाला म्हटलं, डॉक्टरला दाखवूया का? ती सोडे निवडत होती. हात न थांबवता तिने मला जे सांगितलं ते घरात आधी कुणी बोललेलं नव्हतं. बावीस वर्षांपूर्वी खालू कंट्रोल रूममध्ये नव्हते. टाक्या साफ करणाऱ्यांच्या टोळीवर होते. टाकीच्या तोंडाशी रजिस्टर घेऊन बसायचं, आत जाणाऱ्यासमोर एक खूण, बाहेर आला की दुसरी. एके दिवशी पाच जण आत गेले. त्यातला एक मधेच पाणी प्यायला वर आला आणि परत आत गेला. खालूंनी बाहेर येणारी डोकी मोजली आणि पाच झाली म्हणून रजिस्टर मिटलं. पाणी प्यायला आलेला दोनदा मोजला गेला होता. आत राहिलेला माणूस खालूंच्याच खोलीत राहणारा, रायगडकडचा. दोघं एकाच डब्यात जेवायचे. त्याला बाहेर काढलं तेव्हा उशीर झाला होता. चौकशीत आतल्या वायूवर दोष आला, खालूंना कुणी काही म्हटलं नाही.

"कुणी काही म्हटलं असतं तर बरं झालं असतं," खाला म्हणाली. "तेव्हापासून हे मोजतात. लग्नात पाहुणे मोजतात, मशिदीत चपला मोजतात. आता तिकडचा माणूस मोजतायत. मोजू दे. जाऊन बघतील, मिटेल एकदाचं. इन्शाल्ला."

फेब्रुवारीत ते निघाले. मला ऑफिसातून रजा मिळाली नाही, मुलीची परीक्षा होती, म्हणून दोघंच गेले. स्टेशन ते हॉटेल पाचशे छत्तीस पावलं निघाली. बर्फात पाऊल लहान पडतं, हे धरायचं राहिलं असं त्यांनी पोचल्यावर कळवलं. तिसऱ्या दिवशी खालूंचा फोन आला. "उद्या एक वाजता कॅमेरा लाव. मी चौकात उभा राहीन. तो आला की त्याच्या मागे जाईन. वर जाताना दोघं, खाली येताना दोघं. तू मोज. माझ्या मोजण्यावर माझा भरवसा नाही, बेटी."

दुसऱ्या दिवशी डबा न उघडता मी ऑफिसच्या कॉम्प्युटरवर चौक लावून बसले. खालू वेळेआधीच आले होते. जांभळं जाकीट, ते बूट, हातात घड्याळ. एवढासा दिसत होता माझा खालू त्या पांढऱ्यात. त्यांनी कॅमेऱ्याकडे बघून हात हलवला. मीही वेडीसारखा हात हलवला. दहा वाजले आणि तो डावीकडून आला.

नेहमीसारखाच आला. खालूंपासून दोन हातांवर येऊन उभा राहिला, पाठमोरा. खालू इकडे बघत होते, तिकडे बघत होते, मधेच घड्याळ बघत होते. त्याच्याकडेही बघितलं, पण दाराच्या काचेतून पलीकडे बघावं तसं. मी फोन लावला. वाजत राहिला. थंडीने बॅटरी उतरू नये म्हणून तो जाकिटाच्या आत, स्वेटरच्याही आत ठेवायचं त्यांनीच ठरवलेलं होतं. दोन-तीन मिनिटांनी तो माणूस गल्लीत शिरून वर गेला. खालू तिथेच उभे राहिले. दहा वाजून वीस झाले. मग त्यांनी मान हलवली आणि एकटेच त्या गल्लीत चढू लागले.

ऑफिसात एसीचा आवाज तेवढा येत होता. मी चाळीस मिनिटं पडद्यावरून नजर हलवली नाही. जांभळं जाकीट पुन्हा दिसलं तेव्हा माझ्या तोंडून 'या अल्लाह' इतक्या मोठ्याने निघालं की शेजारच्या टेबलावरची फिलिपिनो मुलगी उठून उभी राहिली. खालू एकटेच उतरले. चौकात आले, जाकिटाच्या आत हात घालून फोन काढला आणि माझा फोन वाजला.

"आला नाही गं तो आज," खालू म्हणाले. त्यांना धाप लागली होती. "तरी म्हटलं वर जाऊन बघावं. गुडघाभर बर्फ आहे. चॅपेलला कुलूप. पलीकडे काही नाही. आणि बर्फावर एक पाऊल नाही. जातानाचंही नाही, येतानाचंही नाही. माझी तेवढी पावलं. तू बघत होतीस ना? कुणी दिसलं?"

पडद्यावर ते कॅमेऱ्याकडे तोंड करून, फोन कानाला लावून उभे होते. चेहरा कळत नव्हता. माझ्या उत्तराआधी तेच पुढे म्हणाले, "म्हणजे तो उतरला असणार. कधीतरी माझी नजर चुकली आणि तो उतरून घरी गेला. वर कुणी नाही. मी बघून आलो. वर कुणीही राहिलेलं नाही. हो ना?"

"हो खालू," मी म्हटलं. "मी पहिल्यापासून बघत होते. तुम्ही एकटे वर गेलात, एकटे खाली आलात. दुसरं कुणी नव्हतं."

पडद्यावर त्यांनी टोपी काढली, कपाळ पुसलं आणि पुन्हा घातली. "यल्ला, निघतो," ते म्हणाले, "तुझी खाला वाट बघत असेल. आज तिला स्कीवर उभी करतो." संध्याकाळी फोटो आला. खाला उभी होती. खालू आडवे झाले होते आणि दोघंही हसत होते.

परत आल्यावर त्यांनी तो कॅमेरा लावला नाही. मीही पुन्हा उघडलेला नाही, पण माझं कारण वेगळं आहे. तो वर गेलेला मी पाहिला होता, उतरलेला नाही. दुपारी एक वाजता ऑफिसात माझं लक्ष आपोआप घड्याळाकडे जातं.

ईदला आम्ही फुजैऱ्याला गेलो. जेवणं झाली आणि खालू बोलता बोलता सोफ्यावरच झोपले. तोंड उघडं, एक पाय खाली. खालाने त्यांच्यावर तिची शाल टाकली आणि मला खुणेने जवळ बोलावून कुजबुजली, "बावीस वर्षांत हा माणूस दिवसा झोपलेला मी पाहिला नव्हता." माझी मुलगी काहीतरी विचारायला आली, तिला आम्ही दोघींनी गप्प केलं. चार वाजता ते दचकून उठले. इकडेतिकडे बघत म्हणाले, "अरे, सगळे जागे, आणि मला कुणी उठवलं नाही?"

"तुम्ही थकला होतात, खालू," मी म्हटलं आणि चहा ठेवायला आत गेले.