उशीवरचा ट्रान्सफॉर्मर

रोज सकाळी चहा टाकण्याआधी आत्या फ्रिजला कान लावायची. "आज बरा आहे," म्हणायची, नाहीतर "आज घसा बसलाय याचा." मग त्याच्याच सुरात गुणगुणत गॅस पेटवायची. सगळी गल्ली तिला आत्या म्हणे. सवयीनं कधीकधी नवऱ्याच्याही तोंडून तीच हाक निघायची, आणि मग दिवसभर त्याची थट्टा व्हायची.

चष्म्याच्या दुकानात काचा घासणं हा तिचा पोटापाण्याचा धंदा, आणि सोल्डरिंग हे वेड. जेवणाच्या टेबलावर तारा पसरल्यापासून घरात ताटं मांडीवर आली होती. तिचा नवरा, म्हणजे सगळ्यांचे काका, कुरकुर करत नसत. ते बसस्थानकावर गाड्यांची घोषणा करायचे. त्यांचा खणखणीत आवाज गावानं ऐकला होता. पण इस्त्री करताना ते अर्ध्या आवाजात जे गात, ते मात्र तिनं एकटीनंच ऐकलेलं.

सोमवारी त्यांच्या घशाचं ऑपरेशन होतं. "आवाज येईल," डॉक्टर म्हणाले होते, "पण हाच येईल असं सांगता येणार नाही."

म्हणून हा आवाज टिपून ठेवायला आत्यानं माईकचा बारीक आवाज मोठा करणारा प्रीअँप बनवायला घेतला. फोनवर रेकॉर्ड करू या, असं मदतीला आलेल्या भाचीनं सुचवून पाहिलं. "फोनमध्ये हे पत्र्याच्या डब्यात बसून गायल्यासारखे वाटतात," आत्या म्हणाली आणि विषय संपला.

रविवारी दुपारी प्रीअँप तयार झाला. आत्यानं हेडफोन कानाला लावले आणि तिचं तोंड कडू झालं. घुंऽऽऽ. काकांचा आवाज त्या घुंऽऽमध्ये पार बुडालेला.

"पॉवर सप्लाय मळका आहे," तिनं जाहीर केलं. काचेवर धूसरपणा राहिला की आणखी एक हात फिरवायचा, हा तिचा दुकानातला शिरस्ता. इथंही तिनं तेच केलं. विजेतला खडबडीतपणा गुळगुळीत करायला एक कपॅसिटर वाढवला. मग त्याहून मोठा. मग त्याच्याही शेजारी एक. टेबलावर छोटंसं शहरच उभं राहिलं, आणि घुंऽऽ तसूभरही हललं नाही.

"आत्या, पुरे आता," भाची म्हणाली. "पुढचा ठेवायला शेजाऱ्यांचं टेबल लागेल."

"तू लॅपटॉपवरचं रेकॉर्डिंग सांभाळ."

काकांना धूळ पुसल्याशिवाय चैन पडत नसे. त्यांनी प्रीअँपला वीज पुरवणारा, प्लॅस्टिकच्या डब्यात बंद केलेला ट्रान्सफॉर्मर अलगद उचलला आणि खाली फडकं फिरवू लागले.

"अहो! काय केलंत?"

"काही नाही गं. पुसलं फक्त."

"परत पुसा! म्हणजे उचला. आणखी वर!"

काकांनी डबा डोक्यावर धरला. आत्या खुर्चीतून उभीच राहिली. घुंऽऽ बारीक झालं होतं! ते तारेतून येतच नव्हतं. ट्रान्सफॉर्मर शेजारी बसून हवेतूनच कुजबुजत होता आणि प्रीअँप त्याची प्रत्येक चुगली मन लावून ऐकत होता. इतका वेळ ती भलतीच काच घासत बसली होती.

मग वरात निघाली. भाचीनं तारा लांबवल्या आणि एक्स्टेन्शन बोर्ड आणला. काका तान्ह्या बाळासारखा डबा छातीशी धरून उलट्या पावलांनी निघाले.

"मागे या! अजून मागे!"

"अगं, मागे कपाट आहे!"

"कपाटाला वळसा घाला!"

हसून हसून भाचीच्या डोळ्यांत पाणी आलं. काका खुर्चीला धडकले, दारात अडकले, आणि बेडरूममध्ये शिरल्यावर एकदम आत्याचा आवाज आला, "हां! गप्प झाला! ठेवा तिथंच!"

तिथं म्हणजे पलंगावर, आत्याच्या उशीवर.

काका परत आले आणि माईकसमोर बसले. काही सुचेना. हात कुठं ठेवावेत तेही कळेना.

"घोषणा करू का? बस क्रमांक..."

"बसबिस काही नको." आत्यानं एक चुरगळलेला सदरा आणि थंड इस्त्री त्यांच्यापुढं ठेवली. "करा."

काकांनी कॉलर सरळ केली, इस्त्री फिरवली, आणि बाही येईपर्यंत ते गायला लागले होते. अर्ध्या आवाजात, मध्येच शब्द विसरत, विसरलेल्या जागी ला-ला घालत. आत्यानं हेडफोन दोन्ही हातांनी कानांवर दाबून धरले होते. इस्त्रीचं सरकणं, घशातली ती किंचित खरखर, गाताना त्यांचं स्वतःशीच हसणं, सगळं काचेसारखं स्वच्छ येत होतं.

सदरा संपला. थंड इस्त्रीखाली तो होता तितकाच चुरगळलेला राहिला.

"आलं का गं?" काकांनी विचारलं.

आत्यानं हेडफोन काढले, पदरानं नाक पुसलं आणि मान डोलावली.

"आलं. आता त्याला माझ्या उशीवरून उचला. मला जरा पडायचंय."