चार फेरे आणि एक चूळ

पंपघरात त्याला सगळे कुलूप म्हणायचे. तोंडावर नाही, माघारी. पण त्याला ते ठाऊक होतं आणि मनातून आवडायचंही. सव्वीस वर्षं तो सकाळपाळीचा ऑपरेटर. अर्ध्या शहराचं पाणी त्याच्या हातातल्या, मोठा नळ उघडणाऱ्या चाकावर, आणि ते चाक कसं फिरवायचं हे त्याने कुणाच्या बापाला सांगितलं नव्हतं. पाळी बदलताना दुसऱ्या ऑपरेटरने काही विचारलं की हा तोंडात मिठाची गुळणी धरून बसणार. फारच झालं तर म्हणायचा, "बघून शीक. मलाही कुणी ताटात वाढून दिलं नव्हतं." आणि कुणी बघायला आलाच, तर चाक झाकून पाठमोरा उभा. अशा माणसाकडून शिकायचं तरी कसं, सांगा.

शिकवलं असतं तर काय बिघडलं असतं, असं तुम्ही म्हणाल. बिघडलं असतं ना. घरी त्याला कुत्रं विचारत नव्हतं. घर बायको आणि सून मिळून चालवायच्या, मुलगा वर्तमानपत्राआडून 'हं' म्हणायचा. त्याच्यावाचून अडायचं ते फक्त इथे, या तेलकट फरशीवर. तीन महिन्यांवर निवृत्ती आली होती आणि त्याला दोन वर्षांची मुदतवाढ हवी होती, काहीही करून हवी होती. जवळ पुरावाही होता. गेल्या वर्षी दाढदुखीने तो दोन दिवस घरी राहिला, तेव्हा दुसऱ्याने चाक फिरवलं, नळाने लाथा झाडल्या आणि सांधा फुटला. माझ्यावाचून इथलं पान हलत नाही, हे त्याने अर्जात जरा सभ्य भाषेत लिहिलं.

अर्ज गेला नव्या इंजिनियर मॅडमकडे. या बाईंचं एक खूळ होतं. दर शनिवारी त्या सगळ्यांना टेबलाभोवती बसवायच्या. ज्याला जे येतं ते त्याने इतरांना सांगायचं, आणि मॅडम ते लिहून भिंतीला लावणार. कुलपाच्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. कालची पोर, आमचं डोकं कागदावर उतरवून घेणार आणि मग आम्हालाच वाटेला लावणार.

एका शनिवारी मॅडमनी त्याला चाकाचं विचारलं. "हे हातात असतं, मॅडम," तो म्हणाला. "सांगून येत नाही."

"बरं. मग दुसऱ्या कुणाला माहीत आहे?"

दारात फरशी पुसणारी मावशी बादली घेऊन उभी होती. अठरा वर्षं ती इथे पुसत होती आणि अठरा वर्षांत कुलूप तिच्याशी दोनच शब्द बोलला होता: "बाजूला हो." तेही बहुधा बादलीला पाय लावून.

"मी सांगू?" मावशी म्हणाली. "हे आधी चार फेरे देतात. मग तंबाखू थुंकून चूळ भरायला बाहेर जातात. तोवर नळ गुरगुरतो. गुरगुर थांबली की येतात आणि उरलेले नऊ देतात. गेल्या वर्षी सांधा फुटला त्या दिवशी ह्या दुसऱ्या साहेबांनी तेरा फेरे एकदम दिले."

कुलूप मोठ्याने हसला. "थुंकण्यात कसलं आलंय शास्त्र?"

त्याला खरंच माहीत नव्हतं. फेरे त्याने जिवापाड जपले होते, चूळ कधी हिशेबात धरलीच नव्हती. मॅडमचं लिहिणं मात्र थांबलं. रिकाम्या नळातली हवा निघायला तेवढा वेळ मिळतो, त्या सावकाश म्हणाल्या. "मावशी, हे आधी का नाही सांगितलंत?"

"कुणी विचारलं नाही."

सोमवारी दुसऱ्या ऑपरेटरने चार फेरे दिले, गुरगुर थांबेपर्यंत थांबला, मग नऊ दिले. नळाने हूं की चूं केलं नाही. त्याच आठवड्यात कुलपाचा अर्ज नामंजूर होऊन परत आला. भिंतीवर कागद लागला, खाली 'माहिती: मावशी' असं लिहून. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं थोडंच राहतं? पण कुलूप त्या कागदाकडे बघायचादेखील नाही. मावशीची बादली तेवढी रोज कलंडायची.

शेवटच्या दिवशी सगळे त्याचं चाक बघायला आले. आता पाठमोरं उभं राहून काय उपयोग? त्याने चार फेरे दिले. नळ गुरगुरू लागला. तोंडात तंबाखू भरली होती, पण बाहेर जाणं म्हणजे त्या मावशीचं खरं करणं. सव्वीस वर्षांचा हात आहे हा, चूळ नव्हे, असं मनाशी म्हणत त्याने उरलेले नऊ फेरे एका दमात फिरवले.

नळ आतून धाडकन आदळला, दोनदा, आणि सांधा फुटला. पाणी त्याच्या छातीवर आलं, भिंतीवर गेलं, कागद भिजला. तो चाकाला धरून नुसता उभा राहिला. उलटं फिरवायचं हेसुद्धा त्याला सुचेना.

मावशी पाण्यातून चालत आली. तिने बादली खाली ठेवली आणि चाकावर हात ठेवला.

"बाजूला हो," ती म्हणाली.

आणि तो झाला.