दुभाषीचा ‘मी’

सदर इसम: स्त्री. वय: पन्नाशीपुढे. व्यवसाय: न्यायालयीन दुभाषी, कंत्राटी. ओळखीची खूण: हनुवटीवर तीळ. स्वतःचे मत, भावना व म्हणणे: कामकाजाच्या वेळेत निरंक.

या ‘निरंक’वरच तिचं पोट होतं. पिंजऱ्यातला माणूस ‘मी’ म्हणाला की तिनंही ‘मी’च म्हणायचं, ‘तो म्हणतोय की’ चालत नाही. आजवर तिनं ‘मी’ घरफोडी केली होती, ‘मी’ दोन बायकांना फसवलं होतं, एकदा तर ‘मी’ मिशी काढून पळालो होतो. स्वतःचं काही सांगायचंच झालं तर ‘दुभाषीला खुलासा करायचा आहे’ असं म्हणायचं, जणू दुभाषी म्हणजे शेजारची कुणी बाई. घरी नवरा विचारायचा, “दुभाषीला चहा चालेल का?”

ती जिचं मराठी करायची ती दुसरी भाषा तिच्या आईच्या माहेरची. आई नवी नवरी होऊन आली तेव्हा सासूला अदबीनं म्हणाली होती, “स्वयंपाकाची मी चेष्टा करते.” तिच्या भाषेत चेष्टा म्हणजे प्रयत्न. आत्यांनी तो विनोद आई जाईपर्यंत पुरवून पुरवून वापरला.

त्या दिवशी पिंजऱ्यात त्याच भाषेची एक आया उभी होती. ती ज्यांची देखभाल करायची ते म्हातारे गृहस्थ पलंगावरून पडून वारले. आयानंच छळून ढकललं, असं त्यांच्या मुलाचं म्हणणं.

आया हुंदके देत बोलली. त्यातला एकच शब्द सगळ्यांच्या ओळखीचा निघाला: चेष्टा.

“मी त्यांना सावरायचा प्रयत्न केला,” दुभाषीबाई म्हणाल्या.

“वा!” सरकारी वकील उठले. “चेष्टा केली म्हणाली ती. या कानांनी ऐकलंय. बाई, भाषांतर करा, धुलाई नको.”

कोर्ट हसलं. अगदी आत्यांसारखं.

“दुभाषीला खुलासा करायचा आहे,” त्या म्हणाल्या आणि तो केला. न्यायाधीशांनी मान हलवली. ‘प्रयत्न’ नोंदवला गेला. प्रकरण तिथंच मिटायचं.

पण वकील बसता बसता पुटपुटले, “आपलं माणूस म्हटलं की जीव तुटतोच, काय?”

“तुमच्या आईला कुणी असं हसलं असतं म्हणजे कळलं असतं!”

“दुभाषीबाई!” न्यायाधीश कडाडले.

“माफ करा, साहेब. मी रागावले. माझा तोल गेला.”

स्टेनो अण्णांची बोटं चालत होती. वर्षानुवर्षं बाईंच्या तोंडचा ‘मी’ आला की त्यांनी तो पिंजऱ्याच्या नावावर जमा केला होता. बाकीचं ते कानाआड करत.

शेवटी अण्णांनी जबाब वाचायला घेतला. तो बाईंनी आयाला तिच्या भाषेत सांगायचा, मग आयानं सही करायची.

“मी त्यांना सावरायचा प्रयत्न केला,” अण्णा एकसुरी आवाजात वाचत होते. “मी रागावले. माझा तोल गेला.”

आयानं पेन उचललं होतं.

“ते आरोपीचं नाही,” बाई म्हणाल्या.

“तुम्हीच बोललात की,” अण्णा गोंधळले.

“वाचून झाल्यावर आता माघार नाही, साहेब,” वकील म्हणाले. त्यांचा चेहरा उजळला होता.

न्यायाधीशांनी चष्मा काढला. “बाई, दुभाषीला इथं स्वतःचा ‘मी’ नसतो. असेल तर तुम्ही शपथ मोडलीत, आणि मग कोर्टाच्या दुभाषींच्या पॅनेलवर तुमचं नाव राहत नाही. नीट विचार करून सांगा. हा ‘मी’ कुणाचा?”

अण्णा नजर चुकवून की-बोर्ड पुसू लागले. आयाला यातलं काही कळत नव्हतं, “ताई, सही कुठं करू?” असं तिनं हळूच आपल्या भाषेत विचारलं. बाईंनी तिच्या हातातलं पेन काढून घेतलं.

“माझा,” त्या म्हणाल्या.

आदेश लगेच झाला. सदर दुभाषीने शपथेचा भंग करून स्वतःच्या वतीने उच्चारलेली वाक्ये जबाबातून वगळण्यात येत आहेत. सदर दुभाषीचे नाव पॅनेलवरून कमी करण्यात येत आहे. आरोपीचा उर्वरित जबाब पर्यायी दुभाषीमार्फत नोंदवावा. तोवर कोठडी कायम.

ती भाषा येणारं दुसरं माणूस शहरात नाही.