वेबसाइटला मानपान

नव्वदचं दशक सरताना राहुरीत मी स्वतःची वेबसाइट केली. तिला माझंच नाव देणार होतो. वडील कडाडले, "आजा जित्ता हाय आन् तुझं नाव वर व्हय रं?" झालं, साइटला आजोबांचं नाव लागलं. मग लग्नपत्रिकाच झाली तिची: माथ्यावर कुलदैवताचा भला मोठा फोटो, कडेनं तोरण, खाली मानानुसार सगळे चुलते. मी तळाशी, 'आपला नम्र' म्हणून. एवढं करूनही थोरले काका एसटीनं नगरला गेले, सायबर कॅफेत साइट पाहिली आणि रुसले. त्यांच्या नावासाठी पान खाली ओढावं लागत होतं. अख्ख्या जगासाठी केलेली साइट पाहिली एकट्या काकांनी, तीही रुसायला निमित्त हवं म्हणून.